मॉडेलमधले गडगडाटी ढग उपग्रह चित्राशी कसे ताडून पाहावेत

हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकीय मॉडेलने दुपारी चारला ज्या जागी वादळी ढग दाखवला, तिथे उपग्रह चित्रात काहीच नाही. म्हणून अंदाज फसला असे लगेच म्हणू नका. तोच ढग पन्नास किलोमीटर पलीकडे उभा असू शकतो. चूक जागेची, वेळेची की ताकदीची, हे ओळखता आले तरच ताडून पाहण्याचा उपयोग.

पायरी १ : सारख्याची तुलना सारख्याशी करा

बहुतेक जण मॉडेलचा पावसाचा नकाशा उपग्रहाच्या ढगांच्या चित्राशेजारी ठेवतात आणि गल्लत इथेच होते. उपग्रहाचे इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांचे, चित्र पाऊस दाखवत नाही, ढगाचा माथा किती थंड आहे ते दाखवते. शिवाय पावसाचा नकाशा बहुधा ३ किंवा ६ तासांची बेरीज असतो, तर उपग्रह चित्र त्या घटकेचे. मॉडेलवरून तयार केलेले कृत्रिम उपग्रह चित्र मिळत असेल तर तेच घ्या. मॉडेलमधले तापमान, बाष्प आणि बर्फकण पाहून उपग्रहाला वरून काय दिसले असते, ते त्यात गणिताने काढलेले असते. ते नसेल तर पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या दीर्घलहरी प्रारणाचा, म्हणजे उष्णतेच्या किरणांचा, नकाशा चालतो. उंच, दाट ढगांवर हा आकडा एकदम खाली येतो.

पायरी २ : वेळ जुळवा

दोन्हीकडची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वाचा. मॉडेल कोणत्या वेळी चालवले आणि नकाशा कोणत्या वेळेचा आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. मॉडेल सुरू झाल्यावरचे पहिले काही तास ते स्वतःच स्थिरावत असते, त्या तासांवरून निकाल देऊ नका. उपग्रहालाही वेळ लागतो. हिमावारी-९ हा जपानी हवामान उपग्रह समोरचा अख्खा गोलार्ध १० मिनिटांत टिपतो. म्हणजे चित्राच्या एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची वेळ सारखी नसते.

पायरी ३ : जाळी किती जाड, ते बघा

मॉडेल हवेचे चौकोनी तुकडे पाडून गणित करते, त्या चौकोनांची ही जाळी. जीएफएस या अमेरिकी मॉडेलची जाळी साधारण १३ किमीची, युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलची ९ किमीची. सुटा गडगडाटी ढग अनेकदा याहून लहान असतो. त्यामुळे अशी मॉडेल्स ढग थेट उभा करत नाहीत, त्याचा परिणाम सूत्रांनी मांडतात. त्यांच्यात जमिनीवरचा पाऊस बऱ्याचदा भर दुपारीच सुरू होतो, प्रत्यक्षात जोर दिवस कलल्यावर येतो. ३-४ किमी किंवा त्याहून बारीक जाळीचे मॉडेल ढग स्वतः उभारू शकते. तुलनेआधी उपग्रह चित्राची सरासरी काढून ते मॉडेलच्या जाळीवर आणा.

पायरी ४ : ढगाचा माथा नीट वाचा

माथा किती थंड असला की मोजायचा, त्याचे एक तापमान ठरवा आणि दोन्ही चित्रांना तेच लावा. मोठ्या मेघसमूहांसाठी उणे ५२ अंश सेल्सिअस ही रूढ मर्यादा आहे. पण थंड म्हणजे जिवंत ढग, असे नाही. ऐरणीसारखा पसरलेला माथा खालचा ढग विरल्यावरही तासन्‌तास तरंगत राहतो. चित्रे ओळीने चालवून बघा. वाढत्या ढगाची वाऱ्याकडची कड सुरीने कापल्यासारखी असते, दुसरी बाजू पिंजलेल्या कापसासारखी. मावळतीच्या उन्हात, साध्या प्रकाशाच्या चित्रात, माथ्यावर उकळी फुटल्यासारखा उंचवटा आणि त्याची सावली दिसली, तर तिथे वर चढणारा हवेचा झोत अजून जोरात आहे.

तिरपेपणही विसरू नका. उपग्रह ४५ अंशांनी तिरपा बघत असेल तर १५ किमी उंचीचा माथा उपग्रहापासून दूरच्या बाजूला सुमारे १५ किमी सरकलेला दिसतो. ही मॉडेलची चूक नव्हे.

पायरी ५ : ठिपके नव्हे, चौकोन मोजा

ठिपक्याला ठिपका जुळवला तर ४० किमी सरकलेल्या चांगल्या अंदाजाला दुहेरी शिक्षा होते : ढग होता तिथे चुकला, नव्हता तिथे खोटा दाखवला. ढगच न दाखवणारे मॉडेल मात्र एकाच शिक्षेवर सुटते. हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून नकाशावर ५० किमीचे चौकोन आखा. प्रत्येकात थंड माथ्याचा वाटा किती, ते दोन्हीकडे काढा. आकडे जुळत नसतील तर चौकोन १०० किमीचे करा. कोणत्या आकाराला आकडे जवळ येतात, त्यावरून मॉडेलवर किती अंतरापर्यंत विसंबता येईल ते कळते.

हे एका दिवसावर ठरवू नका. किमान महिनाभर रोज नोंद ठेवा : ढग कधी उभा राहिला, कुठे, माथा किती थंड, एकटा की रांगेत.

फरक मोठा निघाला, तर काही तास मागे जा आणि उपग्रहाचे बाष्पाच्या पट्ट्यातले, म्हणजे वरच्या हवेतले बाष्प दाखवणारे, चित्र काढा. त्यात दिसणारी कोरड्या हवेची जीभ मॉडेलमध्ये दुसरीकडे असेल, तर मॉडेलची चूक ढग उभा राहण्याआधीच, वरच्या हवेत सुरू झालेली असते.