गिअरची चाल आखूड केली

माझ्या जुन्या हॅचबॅकचा तिसरा गिअर टाकताना हात पार डॅशबोर्डपर्यंत जायचा. दांडा वरून कापा, असं बरेच जण सुचवतात; पण मग मूठ फार खाली जाते. मी खालचं टोक वाढवलं. दांडा ज्या गोळ्यावर टेकून हलतो, त्या गोळ्याच्या वर तो २४० मिमी, खाली ६०. खाली १५ मिमीचा तुकडा वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतला (नायलॉनचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या छोट्या नळ्या, आधी काढून, नाहीतर वितळतात). चाल पाचव्या हिश्श्याने कमी झाली, जोर मात्र सव्वापट लागतो. लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांचे) झिजलेले बुशही बदलले. खरं तर निम्मा फरक त्यांचाच असावा. गाडी रस्त्यावर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून पाहा, वाढवलेलं टोक खाली कुठे घासायला नको.