हुमणीसाठी ईपीएन: आर्द्रा ते पुष्य हीच वेळ साधा

वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की दिवेलागणीला कडुनिंब, बाभूळ, बोरीवर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. ते जमिनीत अंडी घालतात आणि जूनच्या उत्तरार्धापासून उसाच्या, भुईमुगाच्या, सोयाबीनच्या मुळाशी बारीक पांढऱ्या अळ्या वळवळू लागतात. चिकोडी, रायबाग, अथणीकडे खोडव्याला आणि बेळगाव-खानापूरच्या तांबड्या जमिनीत बटाटा-रताळ्याला हीच हुमणी लागते. कन्नडमध्ये तिला गोण्णे हुळू म्हणतात. दुकानातल्या पाकिटावर हे नाव असू शकते, म्हणून ते लक्षात ठेवावे.

या अळीवर जमिनीतच काम करणारा उपाय म्हणजे कीटकनाशक सूत्रकृमी (किडींना मारणारे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी), म्हणजेच ईपीएन. सूत्रकृमी म्हटले की वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारा शत्रू डोळ्यांसमोर येतो आणि शेतकरी बिचकतो. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात मूळ टोचायची सुई असते, ईपीएनला ती नसते. पिकाचे मूळ त्याच्या उपयोगाचेच नाही. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव अळीच्या तोंडावाटे, गुदद्वारातून किंवा श्वासछिद्रांतून आत शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी दोन-तीन दिवसांत मरते. नंतर तिच्या देहात सूत्रकृमींची वाढ होते आणि सुमारे दोन आठवड्यांनी हजारोंची नवी पिढी मातीत उतरते. आपल्याकडच्या उष्ण हवेला हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका ही जात मानवते. बेंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने हिची भुकटी तयार केली आहे.

वेळ चुकली तर बाकी सारे नीट करूनही हाती थोडेच लागते. आर्द्रा लागल्यापासून पुष्य संपेपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत अळ्या लहान असतात. सप्टेंबरात अंगठ्याएवढी झालेली अळी पाय आणि जबडे घासून अंगावरचे सूत्रकृमी झटकते. तिच्या श्वासछिद्रांवर बारीक चाळणीसारखे झाकण असते, तिथूनही त्यांना सहज शिरता येत नाही. ऊस पिवळा पडून बेट हाताने उपटून येईपर्यंत थांबणाऱ्याला म्हणूनच हा उपाय पावत नाही. त्याऐवजी जुलैच्या सुरुवातीला शेतात दहा ठिकाणी, मुळाजवळ, फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. दहा खड्ड्यांचे क्षेत्र जवळजवळ एक चौरस मीटर भरते. त्यात एक अळी सापडली तरी कामाला लागा.

मात्रा हेक्टरी 250 कोटी जिवंत सूत्रकृमी, म्हणजे एकरी 100 कोटी, गुंठ्याला अडीच कोटी. पाकिटाच्या किलोवर जाऊ नका, ग्रॅममागे किती संख्या लिहिली आहे ते वाचा. ग्रॅमला 10 लाख असतील तर एकरी एक किलो लागेल, 5 लाख असतील तर दोन किलो. कमी संख्येचे स्वस्त पाकीट शेवटी महागच पडते. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहा, आणि उन्हात मांडलेला माल घेऊ नका. घरी आणल्यावर सावलीत, गार कोपऱ्यात ठेवा. औषध थंड ठेवावे म्हणून बरेच जण पाकीट फ्रीजमध्ये टाकतात. ही जात उष्ण प्रदेशातली असल्याने तिला ती थंडी सोसत नाही.

सोडण्याआधी जिवंतपणा तपासा. चिमूटभर भुकटी वाटीतल्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि काळ्या कागदावर वाटी ठेवून भिंगाने पाहा. जिवंत सूत्रकृमी नागमोडी हलतात, मेलेले सुईसारखे सरळ आणि निश्चल पडून राहतात. निम्म्याहून अधिक निश्चल दिसले तर ते पाकीट परत करा. त्यावर मजुरी घालवू नका.

सरीत ओल हवी, पण पाणी साचलेले नको. साचलेल्या पाण्यात त्यांना हवा मिळत नाही. खानापूर भागात मुसळधार चालू असेल तर उघडीप पाहूनच हात घाला. जमीन कोरडी असेल तर आदल्या दिवशी हलके पाणी द्या. दुपारी चारनंतर सुरू करा, ऊन काही मिनिटांत त्यांना मारते. एकरी किलोची भुकटी आधी बादलीत कालवा आणि 16 लिटरच्या 25 पंपांत वाटून घ्या, पंपाला 40 ग्रॅम येते. नोझल आणि आतली बारीक जाळी काढून बेटाच्या बुडाशी धार सोडा. सूत्रकृमी तळाशी बसतात, म्हणून पंप सतत हलवत राहा. कालवलेले पाणी त्याच संध्याकाळी संपवा. पंप नसेल तर भुकटी एकरी 100 किलो ओलसर वाळूत मिसळून बेटाशेजारी फेकता येते. दोन्ही पद्धतींत नंतर हलके पाणी देऊन त्यांना मुळापर्यंत उतरवावे लागते. उसाची मोठी बांधणी याच सुमारास येत असेल तर आधी ईपीएन सोडून लगेच माती चढवा, यापेक्षा चांगली संधी नाही.

ज्या पंपाने तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे तो साबणाने दोनदा धुतल्याशिवाय वापरू नका. क्लोरपायरिफॉस किंवा कार्बोफ्युरान टाकले असेल तर दोन आठवडे थांबा. युरिया आणि ईपीएन एकाच दिवशी देऊ नका. मेटारायझियम बुरशी मात्र सोबत चालते.

अथणी-रायबागच्या चिकट काळ्या रानात सूत्रकृमी फार लांब सरकू शकत नाहीत. तिथे रानभर फेकण्याऐवजी मुळालगत चर काढून त्यातच सोडा. हलक्या तांबड्या आणि पोयट्याच्या जमिनीत ते जास्त मोकळे फिरतात.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा दहा खड्डे घ्या. मेलेली अळी विटकरी रंगाची, लिबलिबीत आणि दुर्गंधी नसलेली असेल तर काम झाले आहे. अंगावर हिरवट भुकटी असेल तर ती मेटारायझियमने मेली आहे. काळी पडून घाण वास येत असेल तर ती दुसऱ्याच कारणाने कुजली आहे. विटकरी अळी उचलून बांधावर टाकू नका, नवी पिढी तिच्यातूनच बाहेर पडणार असते. ती होती तिथेच मातीने झाका आणि पुढचे तीन आठवडे सरी वाळू देऊ नका. पांढऱ्या जिवंत अळ्या अजून सापडत असतील तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात निम्मी मात्रा पुन्हा द्या. पाकीट कुठे मिळेल याची चौकशी जवळच्या रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात) किंवा संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्रात करा, आणि मागणी मृगातच नोंदवा.