समजतं, पण बोलता येत नाही: कन्नड शिकताना ऐकायचं किती, बोलायचं किती

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: कन्नड समजतं, पण तोंडातून निघत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला, 'अजून ऐका, कन्नड बातम्या लावा.' पण ज्याला समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं, त्याचं ऐकणं कमी पडलेलं नसतं. ऐकलेला शब्द ओळखणं आणि गरजेच्या क्षणी तोच शब्द स्वतः आठवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि पहिल्याचा सराव करून दुसरं येत नाही.

पुन्हा पुन्हा वाचण्याने फसगत होते, ती कशी हे 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा परत वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र, पान बंद करून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. वाचून झाल्या झाल्या 'आलं बुवा' असं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नये तो यासाठी.

रोजची 45 मिनिटं असतील तर 15 मिनिटं ऐकण्या-वाचण्याला आणि 30 मिनिटं बोलण्या-लिहिण्याला द्या. अगदी नवशिक्यांनी पहिला महिनाभर हे प्रमाण उलटं ठेवावं, कारण आतच काही नसेल तर बाहेर काय येणार?

काय ऐकायचं हे आधी ठरवू नका. काय बोलायचं आहे ते आधी ठरवा. समजा, नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयात) उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करायची आहे. मग आठवड्याचं सामान एवढंच: 'अर्जी कोट्टिद्देने' (अर्ज दिला आहे), 'प्रमाणपत्र यावाग सिगुत्तदे?' (कधी मिळेल?), 'याव दाखले बेकु?' (कोणती कागदपत्रं हवीत?) आणि अशीच आणखी दोन-तीन वाक्यं. तिसऱ्या वाक्यात ठेच लागते. कन्नडमध्ये 'दाखले' म्हणजे कागदपत्र किंवा नोंद. आपण दाखला मागायला गेलो आणि 'दाखले बेकु' म्हणालो, तर पलीकडचा माणूस 'कसले कागद?' म्हणून विचारणार.

ही वाक्यं कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. दोनदा ऐका आणि फोन बाजूला ठेवा. आता कोऱ्या कागदावर आठवतील तशी लिहा. अडलात तर जागा मोकळी सोडा, पण मध्येच डोकावू नका. अडून बसण्याच्या त्या अर्ध्या मिनिटातच खरं काम होतं; लगेच उत्तर पाहिलं की ते वाया जातं. पाच मिनिटांनी रेकॉर्डिंग लावा, मोकळ्या जागा लाल पेनने भरा, आणि पुढची दहा मिनिटं त्या लाल जागा असलेली वाक्यंच मोठ्याने म्हणा. जे आपोआप आलं ते परत घोकत बसू नका. शेवटी कागद न बघता स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत. हीच वाक्यं दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी परत कोऱ्या कागदावर.

लिहिताना सुरुवातीला देवनागरी चालेल, पण फार तर दोन आठवडे. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन असतात आणि रोजच्या देवनागरीत हा फरक उतरत नाही. ऱ्हस्व ओ घेतला तर 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ घेतला तर शिंग. लिपी शिकायला वेगळा तास नको. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसचे फलक आणि दुकानांच्या पाट्या रोज समोर असतात. पाटी वाचा, दहा पावलं पुढे जा आणि तळहातावर बोटाने तेच नाव काढा.

आकड्यांना मात्र स्वतंत्र वेळ द्याच. मराठीत आधी एकक येतो, कन्नडमध्ये आधी दशक: पंचेचाळीस म्हणजे 'नलवत्तैदु', चोपन्न म्हणजे 'ऐवत्तनाल्कु'. ऐकताना हे बरोबर कळतं, बोलताना घाईत 45 चे 54 होतात आणि बाजारात त्याचे पैसे लागतात. रोज दहा फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून मोठ्याने वाचा.

रोज एक व्यवहार कन्नडमध्ये करा. इथे अडचण अशी की आपला उच्चार ऐकताच दुकानदार मराठीवर येतो. त्यात त्याचा सौजन्याचाच भाग असतो, पण आपला सराव बुडतो. म्हणून 'कन्नडदल्ली हेळ्री' (कन्नडमध्ये सांगा) आणि 'निधान हेळ्री' (सावकाश सांगा) ही दोन वाक्यं सगळ्यात आधी पक्की करा. शेवटचा 'री' विसरू नका, आपल्या भागात आदर त्यातूनच कळतो. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नये, मागे रांग असली की कोणीही वैतागेल.

'आहे' यासाठी पुस्तकात 'इदे' असतं, बाजारात 'ऐती' ऐकू येतं. बाजारासाठी शिकत असाल तर बातम्या ऐकून उपयोग थोडा. सरकारी नोकरीच्या कन्नड पेपरसाठी शिकत असाल तर उलट: रोज वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद घ्यायचा, तो मिटून चार ओळींत सारांश लिहायचा, मग मूळ परिच्छेदाशी ताडून पाहायचा.

वही भरभरून उतरवून काढणं, चित्रफिती साठवणं, उपयुक्त माहिती गटावर पुढे ढकलणं, यातलं काहीही 'बोलणं-लिहिणं' धरू नका. समोर मजकूर असताना केलेली नक्कल ही ऐकण्या-वाचण्याच्याच खात्यात जाते. मजकूर बघत रेकॉर्डिंगसोबत म्हणण्याने उच्चार सुधारतो, आठवण नाही.

उलट टोकही आहे. नुसतं बोलत राहिलं आणि कोणी दुरुस्त केलं नाही तर चुका पक्क्या होतात. मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, त्यामुळे बस 'आली' म्हणताना जिभेवर 'बंदळु' (बाईसाठीचं 'आली') येतं. बरोबर आहे 'बंतु' (वस्तूसाठीचं). अशा चुका स्वतःला दिसत नाहीत. आठवड्यातून दोनदा तुमचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग कन्नड माणसाला ऐकवा आणि एका वेळी दोनच चुका विचारा. सगळ्या विचारल्या तर एकही लक्षात राहत नाही. तीच चूक तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा व्याकरणाचं पुस्तक उघडा, त्याआधी नको.

दर रविवारी आठवड्याची रेकॉर्डिंगं ओळीने ऐका. जागोजागी अडखळत असाल तर ऐकणं आणखी पाच मिनिटांनी कमी करा. न अडखळता पण तीच ती वाक्यं फिरवत असाल, तर साठा संपलाय: पुढचा आठवडा निम्मा वेळ नवं ऐकण्याला द्या आणि मग पुन्हा 15-30 वर या.