माझी पहिली नेरीस तीन तुकड्यांत गेली

बांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीत दीड तास वाकून दगड उलटले, तेव्हा कुठे एक धड नेरीस, म्हणजे खंडाखंडांच्या अंगाचा समुद्री किडा, हाती लागली. कॉलेजात आणली आणि सीनियरच्या सांगण्यावरून जिवंतच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणात, सोडली. तिने असे काही आळोखेपिळोखे दिले की तीन तुकडे झाले, जबडे आतच राहिले. मार्गदर्शकांनी बरणी उजेडात धरून विचारलं, "आता हिची जात कशी ओळखणार?"

प्रश्न रास्त होता. या कुळात जात ठरवताना बाहेर काढलेल्या सोंडेवर (उलटून बाहेर येणाऱ्या घशावर, जबडे त्यालाच असतात) बारीक दात कुठे नि किती आहेत ते मोजावं लागतं. सोंड आत राहिली की अर्धं काम बुडालंच समजा.

म्हणून आधी गुंगी द्या. सहा रेणू पाणी असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड ७५ ग्रॅम घेऊन लिटरभर साध्या पाण्यात विरघळवा. निर्जल पूड असेल तर हे वजन चालणार नाही, लेबल वाचा. किडा समुद्राच्या पाण्यात ठेवून तेवढंच हे द्रावण हळूहळू ओता. अर्धा तास लागतो, कधी जास्तही. ब्रशने डिवचलं तरी हलेना, तेव्हा डोक्यामागे चिमट्याने हलकेच दाबा, सोंड बाहेर येते. मग ट्रेमध्ये सरळ पसरून वर फॉर्मॅलिन ओता: बाजारातलं एक भाग, समुद्राचं पाणी नऊ भाग. एक-दोन दिवसांनी पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिनआधी शेपटीचे चार खंड कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मॅलिनने कर्करोग होऊ शकतो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. "आम्ही तर उघड्या हातांनी करायचो" म्हणणाऱ्या सरांना नमस्कार करून पुढे जा.

घाबरू नका, दुसऱ्याच खेपेला माझी सोंड नीट बाहेर आली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दगडाआड नेरीसचाच भाऊबंद, काटेरी केसांचा किडा दिसला की दुकानदार औषध गळ्यात मारतो. घेऊ नका. यातले बहुतेक उरलंसुरलं अन्न खाऊन टाकी साफच ठेवतात. फक्त बोट लावू नका. केस रुतलेच तर चिकटपट्टी लावून उपटा, चोळलंत की आणखी आत शिरतात.