घरच्या कंप्युटरवर आर्केड रिदम गेम खेळताय? या चुका टाळा

गाण्याच्या तालावर स्क्रीनवर येणारी नोट (म्हणजे बटण दाबायची खूण) अगदी वेळेवर दाबूनही मिस येत असेल तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. 60 हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे जेमतेम 16.7 मिलिसेकंद, आणि सगळ्यात वरचं जजमेंट, म्हणजे अचूकतेचा शेरा, मिळवायला जवळपास तेवढाच वेळ हातात असतो, त्यामुळे बाकी गेममध्ये जाणवतही नाही असा लॅग इथे घात करतो.

पहिली चूक ब्लूटूथ हेडफोन. शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर तिथेच होतो आणि मग लोक म्हणतात ऑफसेट (आवाज आणि नोटांमधला वेळेचा फरक भरून काढणारी सेटिंग) लावून घेऊ की. डान्स गेममध्ये गाणं आपलं आपण वाजत असतं, तिथे नोटा मागेपुढे सरकवून निभावतं. पण कोनामीच्या 1997 च्या बीटमेनियात तुम्ही की दाबली की तेव्हा त्या नोटेचा आवाज वाजतो, आता तुम्ही कधी दाबणार हे कंप्युटरला आधी कुठून कळणार? म्हणून तिथे ऑफसेटने काही होत नाही, वायरचेच हेडफोन घ्या आणि ऑडिओ बफर (वाजण्याआधी आवाज जिथे साठतो ती जागा) आवाज फाटत नाही तोवर कमी करत जा. एका वेळी एकच सेटिंग बदला हं, नाहीतर फरक कशाने पडला तेच कळत नाही.

मेम (MAME) या एम्युलेटरमध्ये, म्हणजे आर्केड मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सिंकरिफ्रेश ही सेटिंग उगाच चालू करू नका. मॉनिटर 75 हर्ट्झचा असेल तर गेम स्वतःचा वेग सोडून त्याच्या वेगाने पळतो.

तीन-चार की एकत्र दाबल्यावर एखादी गायब होते? तो कीबोर्डचा दोष, एम्युलेटरचा नाही.

कोनामीच्या सिस्टिम 573 या आर्केड हार्डवेअरवरचे डान्स डान्स रेव्होल्यूशनसारखे गेम पहिल्यांदा सीडीवरून फ्लॅश मेमरीमध्ये इन्स्टॉल होतात आणि त्याला बराच वेळ लागतो, हँग झालं समजून मध्येच बंद करू नका. झालं की डिप स्विचमध्ये (मशीनच्या सेटिंगचे छोटे स्विच) स्टार्टअप डिव्हाइस सीडीवरून फ्लॅशवर करा, नाहीतर परत सीडीवरूनच सुरू होईल. ते इन्स्टॉल मेमच्या एनव्हीरॅम (nvram) फोल्डरमध्ये राहतं, साफसफाई करताना ते उडवलं की सगळं पहिल्यापासून!

आणि जपायचंच असेल तर मूळ सीएचडी (CHD) फाइलला, म्हणजे गेमच्या डिस्कच्या कॉम्प्रेस केलेल्या कॉपीला, हात लावू नका, रीड-ओन्ली करून ठेवा. दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्यावर तिथल्या फाइलवरसुद्धा सीएचडीमॅन (chdman) या मेमसोबतच्या टूलचं व्हेरिफाय चालवा, कारण कॉपी होताना बिघडलेली फाइल नावावरून ओळखू येत नाही.