सार्वजनिक आरोग्याच्या कामात उतरणाऱ्या रुग्णालयांनी या चुका टाळाव्यात

उच्च रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग अशा प्रश्नांवर रुग्णालयाबाहेर पडून काम करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी तपासणी शिबिराची तारीख सुचवते. लगोलग फलक छापायला जातो, छायाचित्रकाराला कळवले जाते आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला सापडेल त्यांचे पुढे काय करायचे, हा विषय वेळेअभावी राहून जातो. हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता शिबिराचे नाव निघाले की पाठपुराव्याची वही कोण सांभाळणार, एवढेच मी विचारतो. उत्तर आले नाही तर मी त्या कामात पडत नाही.

हा हट्ट एका जुन्या शिबिरामुळे जडला. तिथे नोंदणीचे काम माझ्याकडे होते. लोक जिने चढून येत, रांगेत ताटकळत आणि खुर्चीवर टेकताच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला जाई. पट्टा एकाच मापाचा होता, दंड मात्र सगळ्या मापांचे. १४०/९० च्या वर आकडा आला की ‘डॉक्टरांना दाखवावे’ अशी चिठ्ठी हातात पडे. दोन महिन्यांनी वार्षिक अहवालासाठी ती वही उघडली, तेव्हा फोन क्रमांकाचा रकाना अर्ध्याहून अधिक कोरा होता, कारण रांग खोळंबते म्हणून आमच्याच एका उत्साही स्वयंसेवकाने तो प्रश्नच गाळला होता. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, “चिठ्ठी दिलीत, पण कुणाला दाखवायची हे त्यावर लिहिले होते कुठे?” दुसऱ्या एक बाई खरोखरच आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या होत्या आणि शिबिराची चिठ्ठी इथे चालत नाही, असे सांगून खिडकीवरून त्यांना परत पाठवण्यात आले होते. अहवालात मात्र तपासलेल्यांची संख्या ठळक अक्षरांत छापली गेली.

खरे तर पुढच्या उपचाराची सोय असल्याखेरीज चाळणी तपासणी (लक्षणे नसलेल्यांतून रोग शोधण्याची तपासणी) करू नये, हे विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली मांडलेल्या निकषांतच आले आहे. त्याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतील जवळपास निम्म्यांना त्याची कल्पना नाही आणि तो आटोक्यात असणारे साधारण पाचांत एक आहेत. म्हणजे माहीत असूनही तो आटोक्यात नसलेले लोक कितीतरी आहेत, आणि त्यांना आणखी एका शिबिराने काही मिळत नाही.

माझी पद्धत पुस्तकी नाही. पुढच्या महिन्यात आपले डॉक्टर किती नवे रुग्ण नीट पाहू शकतील ते आधी मोजतो आणि त्या बेताने शिबिराचा आकार ठरवतो. आयोजकांचा हिरमोड होतो, तो होऊ द्यावा. माणसाला पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजायचे. पट्टा लहान पडला तर आकडा उगाचच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा सोबत हवाच. चिठ्ठीवर तारीख, खोली क्रमांक आणि भेटायच्या व्यक्तीचे नाव लिहायचे, नोंदणीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ती आदल्या दिवशी दाखवून ठेवायची आणि फोन क्रमांक उतरवून घेतला की तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन खात्री करायची. वहीत शेवटचा रकाना असतो ‘आला का?’. नवी मंडळी पहिल्याच आठवड्यात यासाठी ॲप मागतात; ज्यांच्याकडून वही भरून होत नाही त्यांच्याकडून ॲपही भरून होत नाही, असा माझा अनुभव आहे.

लसीकरणातही हीच गफलत होते, कारण तिथे टोचलेले डोस मोजले जातात, ते निकामी झालेले नव्हते ना, हे पाहिले जात नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, पण सगळ्यांचे लक्ष उष्णतेकडे असते आणि कुप्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवल्या जातात. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लस गोठली की निकामी होते, आणि कुपीवरचा रंग बदलणारा दर्शक फक्त उष्णता दाखवतो, गोठणे दाखवत नाही. शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून, ती आणि शंकेची कुपी एकत्र हलवून कोणत्या कुपीत साका किती लवकर बसतो ते पाहावे. तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ तापमापी पाहून करावी. आठवड्याचे आकडे एकदम लिहिलेला कागद एकाच शाईवरून ओळखू येतो.

क्षयरोगाच्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांतच बरे वाटू लागते आणि नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणून फोन गोळ्या चुकल्यावर नव्हे, बरे वाटू लागताच करावा. विषाणूजन्य सर्दीला प्रतिजैविके लिहिणाऱ्या संस्थेने प्रतिजैविक जागृती सप्ताह साजरा करू नये. हात धुण्याचे महत्त्व सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली दाखवून दिले; लोकांना ते शिकवण्याआधी आपल्या वॉर्डातल्या बेसिनला साबण आहे का, ते पाहावे.

शिबिर होऊन गेलेच असेल आणि वही तशीच पडली असेल, तर वरचा आकडा १८० किंवा त्याहून अधिक असलेल्यांना आजच फोन लावावा, लगेच यायला सांगावे आणि आल्यावर नीट बसवून पुन्हा मोजावे. उरलेल्यांना आठवडाभरात उतरत्या क्रमाने बोलवावे. ज्यांचा फोनचा रकाना कोरा आहे त्यांच्या घरी जाण्यावाचून इलाज नाही, आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसा दाराला कुलूप असते.