शिवारफेरीत सगळ्यांचं लक्ष एकाच जागी कधी जातं, ते कॅमेऱ्याने कसं टिपायचं

यावल-रावेरकडे मी केळीची प्रात्यक्षिकं घेतो. अख्खा घोळका एकाच गोष्टीकडे कधी बघतो, हे कळलं तर पुढचं प्रात्यक्षिक नीट बेतता येतं. त्याला मोबाइल, तिवई आणि लॅपटॉप पुरतो.

आधी सगळ्यांची परवानगी घ्या. जो नको म्हणेल त्याला कॅमेऱ्याच्या मागे जागा द्या, पण घड त्यालाही दिसला पाहिजे. मोबाइल आपल्या शेजारी, डोक्यापेक्षा उंच, लोकांकडे तोंड करून लावा. बागेत नको, पानांतले कवडसे चेहऱ्यावर नाचतात. बांध बरा. ऊन लोकांच्या पाठीमागून येऊ देऊ नका. रुमालाने नाकतोंड झाकलं असेल तर तो माणूस मोजणीत धरू नका.

लांबून बुबुळं दिसत नाहीत, म्हणून मान कुठे वळली ते बघायचं. व्हिडिओतला एकेक चेहरा कापून मोठा करा आणि त्यावर मीडियापाइप हे चेहऱ्यावरचे बिंदू शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. ते चेहऱ्यावर साडेचारशेहून जास्त बिंदू देतं. त्यातले नाकाचा शेंडा, हनुवटी, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे घेऊन ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने मानेचा कोन काढा.

खरं काम पुढे आहे. सुरुवातीलाच सांगा, "भाऊ, माझ्याकडे बघा. आता घडाकडे. आता फलकाकडे." प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद. जो तो वेगळ्या जागी उभा, म्हणून ज्याचा त्याचा कोन वेगळा. तो नावाऐवजी क्रमांकापुढे नोंदवा. माणूस जागेवरून हलला की हे पुन्हा करा. कोन निघाले की व्हिडिओ पुसून टाका.

सगळे आपल्याकडे बघतात, त्याला फार किंमत देऊ नका; बोलणाऱ्याकडे बघायची रीतच आहे. माना वळतात तो क्षण धरा. शेवटची फणी उमलल्यावर केळफूल कापलं, चीक ओघळला, की पुढचे वाकतात, मग मागचे टाचा उचलतात. हे मागचे चिकाकडे बघतात की पुढच्यांचं बघून वळतात? 1969 साली प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगात एकच माणूस वर खिडकीकडे बघत उभा असताना 42 टक्के वाटसरूंनी वर पाहिलं. 15 जण उभे असताना 86 टक्क्यांनी. म्हणून कोण कधी वळलं, याची वेळ फ्रेमनुसार ठेवा.

शेवटी योगायोग तपासा. प्रत्येकाची नोंद वेगवेगळे सेकंद मागेपुढे सरकवून जुळणी, म्हणजे एका वेळी किती माना एकाच जागी वळल्या ते, पुन्हा मोजा. सरकवूनही ती तेवढीच भरली, तर त्या माना एकाच वेळी वळल्या असं म्हणता येत नाही.